सावली बांधणारा वास्तुशिल्पी

[प्रास्ताविक : स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात प्रयोगशाळा, महाविद्यालये, दूध-कारखाने, विज्ञान केंद्रे अशा नव्या इमारती उभ्या राहू लागल्या. त्या कशा दिसाव्यात, कशा असाव्यात, हा त्या काळातला मोठा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधण्यात ज्यांनी सारे आयुष्य घालवले, त्या अच्युत कानविंदे (१९१६–२००२) यांच्या जीवनकार्याची ओळख या पाठात करून दिली आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी एक छोटासा प्रयोग करून पाहा. आपल्या घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला आतून हात लावा. मग उत्तरेकडच्या भिंतीला हात लावा. फरक लगेच कळेल. पश्चिमेची भिंत दुपारभर ऊन पीत असते आणि रात्री ती ते ऊन घरात सोडते. ज्यांच्या घरावर पत्रे आहेत, त्यांना तर हे सांगायलाच नको. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात उन्हाळ्यात दुपारी बारानंतर पत्र्याखाली बसवत नाही. पण तुमच्या आजोबांच्या गावी जुने धाब्याचे घर असेल, तर तिथे भर दुपारीही गारवा मिळतो. मातीच्या जाड भिंती, मातीचे छप्पर, लहान खिडक्या. ते घर ज्याने बांधले, तो कधी महाविद्यालयात गेला नसेल, पण ऊन कुठून येते आणि वारा कुठून वाहतो, हे त्याला पक्के ठाऊक होते.

घर बांधणाऱ्याला उर्दूत आपण मेमार म्हणतो. मराठीत इमारतीची आखणी करणाऱ्याला वास्तुशिल्पी म्हणतात. तुमच्या लक्षात आले का, की इमारत हा शब्द मराठीत आणि उर्दूत एकच आहे? मेमार, तामीर आणि इमारत हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून आले आहेत. आणि गंमत म्हणजे, उम्र हा शब्दही त्याच घराण्यातला आहे. हे लक्षात ठेवा. पाठाच्या शेवटी या शब्दाकडे आपण पुन्हा येणार आहोत.

आता ज्यांची गोष्ट सांगायची आहे, त्या मेमाराकडे वळू या.

अच्युत कानविंदे यांचा जन्म १९१६ साली कोकणातल्या आचरा या गावी झाला. हे गाव समुद्रकिनाऱ्यावर आहे. तेव्हा ते रत्नागिरी जिल्ह्यात होते, आता सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या मालवण तालुक्यात आहे. कोकण आणि आपले खानदेश यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इकडे कोरडी, रखरखीत उष्णता, तिकडे चार महिने धो-धो पाऊस. म्हणून तिकडची घरेही वेगळी. तांबड्या जांभ्या दगडाच्या भिंती, कौलांचे खूप उतरते छप्पर आणि घरापुढे पडवी. पाऊस छपरावरून झरझर खाली जावा आणि भिंतीला लागू नये, अशी ती रचना. जिथे जसे हवामान, तिथे तसे घर, हा धडा आचऱ्यासारख्या गावात कोणी फळ्यावर लिहून शिकवत नाही. तो डोळ्यांसमोर उभाच असतो.

अच्युतचे कुटुंब मोठे होते. तो दोन वर्षांचा असतानाच त्याची आई वारली. वडील मुंबईत चित्रकलेचे शिक्षक होते. ते माणसांची चित्रे काढत आणि निसर्गचित्रेही रंगवत. आईविना वाढणाऱ्या या मुलावर वडिलांच्या कलेचा संस्कार झाला. चित्रकाराच्या घरात वाढलेल्या मुलाला एक गोष्ट फार लवकर कळते. नुसते बघणे वेगळे आणि नीट निरखून बघणे वेगळे. सावली कुठे पडते, उजेड कुठून येतो, हे ज्याला दिसत नाही, त्याला चित्र काढता येत नाही. पुढे अच्युतने कागदावर चित्रे रंगवण्याऐवजी विटा आणि काँक्रीट हाती घेतले, पण उजेड आणि सावली यांची ही ओळख त्याला जन्मभर उपयोगी पडली.

१९३५ साली अच्युत मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात वास्तुकलेच्या विभागात दाखल झाला. ही देशातली फार जुनी आणि नामवंत कलाशाळा, १८५७ साली सुरू झालेली. वास्तुकला विभागाचे प्रमुख होते क्लॉड बॅटली नावाचे इंग्रज गृहस्थ. राज्य इंग्रजांचे असले, तरी बॅटलींना भारतातल्या जुन्या इमारतींविषयी मनापासून आदर होता. शिस्तीने रेखाटन कसे करावे, इमारतीचा नकाशा आधी मनात पक्का कसा करावा, हे अच्युत तिथे शिकला. देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या जुन्या वास्तूंमध्ये काय काय घेण्यासारखे आहे, याचीही त्याला तिथेच जाण आली. १९४२ साली त्याचे शिक्षण पूर्ण झाले.

हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. बाहेर दुसरे महायुद्ध पेटलेले होते आणि देशात 'भारत छोडो'चे आंदोलन उसळले होते. त्याच वर्षी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद ही संस्था स्थापन झाली. तिचे प्रमुख होते डॉ. शांतिस्वरूप भटनागर. हे मोठे रसायनशास्त्रज्ञ उर्दूत शायरीही करत असत, हे ऐकून तुम्हांला आनंद वाटेल. देशात ठिकठिकाणी संशोधनाच्या प्रयोगशाळा उभ्या करायच्या, असे या परिषदेचे स्वप्न होते. पण प्रयोगशाळा बांधणार कोण? राजवाडे, देवळे, मशिदी आणि हवेल्या बांधण्यात आपल्या देशाचा हात धरणारा कोणी नव्हता. आधुनिक प्रयोगशाळा कशी बांधायची, हे मात्र शिकून यावे लागणार होते. त्यासाठी तरुण कानविंदे यांची निवड झाली आणि १९४५ साली सरकारने त्यांना अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात पाठवले.

हार्वर्डमध्ये त्यांना गुरू भेटले वॉल्टर ग्रोपियस. या जर्मन वास्तुशिल्पीचे नाव तेव्हा जगभर झाले होते. १९१९ साली त्यांनी जर्मनीत बाउहाउस नावाची एक आगळी शाळा काढली होती. त्या शाळेत चित्रकार, सुतार, विणकर आणि वास्तुशिल्पी एकाच छपराखाली शिकत. वस्तू ज्या कामासाठी आहे, ते काम तिने चोख केले पाहिजे, वरवरची नक्षी चिकटवून ती सुंदर होत नाही, असा या शाळेचा विचार होता. हिटलरची सत्ता आल्यावर १९३३ साली ही शाळा बंद पडली. ग्रोपियस देश सोडून आधी इंग्लंडला आणि मग १९३७ साली अमेरिकेला गेले. आपला देश गमावलेला एक गुरू आणि ज्याचा देश लवकरच स्वतंत्र होणार होता असा एक शिष्य, यांची ही भेट होती.

१९४७ साली कानविंदे मायदेशी परतले. देश स्वतंत्र झाला होता. फाळणीच्या जखमाही ताज्या होत्या. तिजोरीत पैसा थोडा आणि कामे डोंगराएवढी. ते संशोधन परिषदेत वास्तुशिल्पी म्हणून काम करू लागले.

प्रयोगशाळा बांधणे म्हणजे काय, याचा जरा विचार करा. तुमच्या शाळेच्या वर्गात फार तर दोन पंखे आणि चार दिवे असतात. प्रयोगशाळेत मात्र प्रत्येक टेबलापाशी पाणी लागते, गॅस लागतो, वीज लागते. विषारी वाफ बाहेर जायला वाट लागते. शिवाय विज्ञान रोज बदलते. आज जिथे दहा माणसे काम करतात, तिथे पाच वर्षांनी एखादे अवाढव्य यंत्र बसवावे लागते. मग काय दर वेळी इमारत पाडायची? यावर तोड अशी, की इमारतीचा भार भिंतींवर टाकायचाच नाही. ठरावीक अंतरावर खांब उभे करायचे, चौकडीच्या वहीत जशा उभ्या-आडव्या रेघा असतात तसे. सारा भार त्या खांबांनी पेलायचा. मधल्या भिंती म्हणजे नुसते पडदे. गरज पडली की हलवायच्या. खांबांची ही चौकडी कानविंद्यांच्या कामात पुढे कायमची राहिली.

या काळातले त्यांचे गाजलेले काम अहमदाबादला पाहायला मिळते. तिथल्या कापड गिरण्यांनी मिळून संशोधनासाठी 'अटिरा' नावाची संस्था काढली होती. तिची धुरा डॉ. विक्रम साराभाई या तरुण शास्त्रज्ञाकडे होती. १९५० ते १९५४ या काळात कानविंद्यांनी अटिराची इमारत बांधली. अहमदाबाद म्हणजे जाळीदार खिडक्यांच्या मशिदींचे आणि कोरीव लाकडी हवेल्यांचे शहर. त्या शहरात ही इमारत अगदी वेगळी दिसली. घुमट नाही, कमान नाही, नक्षी नाही. सपाट छप्पर आणि सरळ रेषा. त्याच शहरात साराभाईंच्याच भौतिक संशोधन प्रयोगशाळेची इमारतही त्यांनी केली. १९५४ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. नव्या देशाने नव्या कामासाठी नवे रूप धारण केले, असे पुष्कळांना वाटले.

१९५५ साली कानविंद्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि दिल्लीत स्वतःची संस्था सुरू केली. त्यांचे भागीदार होते अभियंता शौकत राय. हे नावच बघा. शौकत हा शब्द तुम्ही उर्दूत रोज वाचता. एक आखणी करणारा आणि दुसरा ती आखणी भक्कम उभी राहील की नाही याचा हिशेब करणारा, अशी ही जोडी जमली. वास्तुशिल्पी एकटा कधीच इमारत उभी करू शकत नाही. त्याला अभियंता लागतो, गवंडी लागतो, सुतार आणि मजूर लागतात.

त्या दिवसांत देशातल्या वास्तुशिल्पींमध्ये मोठा वाद चालला होता. काहींचे म्हणणे असे, की स्वतंत्र भारताच्या इमारतींना जुन्या भारताची ओळख हवी. त्यांवर छत्र्या हव्यात, कमानी हव्यात, कोरीव तोडे हवेत. दुसऱ्यांचे म्हणणे असे, की पोलाद आणि सिमेंटच्या काळात दगडी कमानीची नक्कल करणे म्हणजे स्वतःशीच खोटे बोलणे. कानविंदे दुसऱ्या बाजूचे होते. कोलकात्यात जन्मलेले हबीब रहमान हेही याच विचाराचे होते. तेही अमेरिकेत शिकून आले होते आणि कानविंद्यांपेक्षा एकाच वर्षाने मोठे होते. दिल्लीत जामा मशिदीजवळ मौलाना अबुल कलाम आझाद यांची जी साधी, पांढरी मजार आहे, तिची आखणी याच हबीब रहमान यांनी केली आहे. १९५९ साली ललित कला अकादमीने दिल्लीत वास्तुकलेवर परिसंवाद भरवला. नेहरू स्वतः आले होते. देशभरचे वास्तुशिल्पी तिथे जमले आणि आपापली मते त्यांनी मांडली. त्या चर्चांचे पुस्तक कानविंद्यांनीच संपादित केले.

आता एक प्रश्न विचारतो. जुन्याची नक्कल नको, हे तर ठरले. पण मग परक्याची नक्कल केलेली चालेल का?

हा प्रश्न साधा नाही. सपाट छप्पर, सरळ भिंती आणि मोठमोठ्या काचेच्या खिडक्या हे रूप युरोपात जन्मले. तिथे हिवाळा लांबलचक आणि सूर्य दुर्मीळ. काचेतून जेवढे ऊन आत येईल तेवढे त्यांना हवेच असते. तीच खिडकी आपल्याकडे पश्चिमेला ठेवली, तर खोलीची भट्टी होते. म्हणजे घुमट चिकटवणारा जशी चूक करतो, तशीच चूक काचेची भिंत आणणाराही करतो. एक आपल्या आजोबांची नक्कल करतो, दुसरा शेजाऱ्याच्या आजोबांची. दोघेही आपल्या अंगणातल्या उन्हाकडे पाहत नाहीत.

कानविंद्यांचा मोठेपणा इथे आहे. हार्वर्डहून जे शिकून आले, ते त्यांनी जन्मभर जसेच्या तसे गिरवले नाही. वयाच्या चाळिशीनंतर, नाव झाल्यावर, माणसाला आपली रीत बदलणे जड जाते. त्यांनी ती बदलली. एकामागून एक इमारत बांधताना ते ऊन, वारा आणि सावली यांचा विचार अधिकाधिक करू लागले. याचा सर्वांत मोठा पुरावा कानपूरला आहे.

१९५९ साली कानपूरला भारतीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आय. आय. टी., सुरू झाली. तिचे पहिले संचालक डॉ. पु. का. केळकर हेही मराठीच. सुरुवातीला संस्थेला स्वतःची जागा नव्हती. दुसऱ्या एका संस्थेच्या उपाहारगृहाच्या इमारतीतल्या खोलीत तिचे काम सुरू झाले. पुढे शहराबाहेर सुमारे एक हजार एकर जमीन मिळाली आणि तिथे संपूर्ण वसाहत उभी करण्याचे काम कानविंद्यांकडे आले. एक इमारत बांधणे वेगळे. इथे वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृहे, शिक्षकांची घरे असे एक छोटे गावच वसवायचे होते.

कानपूरचा उन्हाळा आपल्यासारखाच. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारी लू वाहते. हिवाळ्यात मात्र हाडे गोठवणारी थंडी. अशा ठिकाणी विद्यार्थ्याला दिवसातून पाच-सहा वेळा एका इमारतीतून दुसरीत जावे लागणार. कानविंद्यांनी आधी चालणाऱ्या माणसाचा विचार केला. मोटारींचे रस्ते त्यांनी बाहेरच्या कडेला ठेवले. आतला सारा भाग पायी चालणाऱ्यांचा. इमारती एकमेकींना लांबलचक, छप्पर असलेल्या वाटांनी जोडल्या. या वाटा दोन मजली आहेत. काही माणसे वरून चालतात, काही खालून. वरच्या वाटेची सावली खालच्या वाटेवर पडते. उन्हातून न जाता माणूस वर्गातून प्रयोगशाळेत आणि तिथून ग्रंथालयात जाऊ शकतो.

या वाटांचा आणखी एक फायदा झाला. वाटेवर माणसे भेटतात. रसायनशास्त्राचा विद्यार्थी गणिताच्या प्राध्यापकाला वाटेत गाठतो आणि दोन मिनिटे बोलतो. शिक्षण फक्त वर्गात होत नाही, ते असे सावलीत उभ्या उभ्याही होते. इमारतींच्या मधे त्यांनी मोकळे चौक ठेवले. आपल्या जुन्या वाड्यात आणि हवेलीत जे काम अंगण करते, तेच काम हे चौक करतात. उजेड आत येतो, वारा खेळतो आणि माणसे एकत्र येतात. अंगणाची नक्कल त्यांनी केली नाही. अंगणाचे काम काय, ते ओळखून नव्या रूपात पुन्हा केले.

इमारतींसाठी त्यांनी वीट आणि काँक्रीट वापरले. वीट गंगेच्या खोऱ्यात मुबलक मिळते. तिच्यावर गिलावा नाही, रंगही नाही. काँक्रीटचे खांब आणि तुळया उघड्या, मधे विटांची भिंत उघडी. कोण भार पेलतो आणि कोण नुसता आडोसा करतो, हे पाहणाऱ्याला सहज वाचता येते. दर दोन वर्षांनी रंगवण्याचा खर्चही वाचतो. गरीब देशासाठी ही गोष्ट लहान नव्हती. १९६६ सालापर्यंत या वसाहतीचा मुख्य भाग उभा राहिला. या कामातून आलेला अनुभव त्यांनी १९६९ साली एच. जेम्स मिलर यांच्यासह पुस्तकरूपाने मांडला. भारतात विद्यापीठांच्या वसाहती कशा आखाव्यात, हा त्या पुस्तकाचा विषय आहे.

यानंतर एक अगदी निराळी इमारत पाहू. ती आपल्यापासून फार दूर नाही. नंदुरबारहून गुजरातची हद्द ओलांडून उत्तरेला गेले की अहमदाबादच्या पलीकडे मेहसाणा लागते. तिथे गावोगावच्या शेतकऱ्यांच्या सहकारी संघाची 'दूधसागर' ही डेअरी आहे. तिची इमारत कानविंद्यांनी १९७० ते १९७३ या काळात बांधली. कारखान्याची इमारत म्हटली की मोठी पत्र्याची शेड आपल्या डोळ्यांसमोर येते. कानविंद्यांनी आधी दुधाची वाट समजून घेतली. दूध येते कुठून, तापते कुठे, थंड कुठे होते, भरले कुठे जाते? मग त्यांनी अशी रचना केली, की दूध आधी वर चढवायचे आणि तिथून एकेक प्रक्रिया होत ते आपल्या वजनानेच खाली उतरत जायचे. पाणी उताराकडे जाते, तसेच दूधही जाते.

आता दुसरी अडचण. दूध तापवणाऱ्या यंत्रांमुळे आत फार उष्णता होते. गरम हवा हलकी असते, ती वर जाते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. कानविंद्यांनी इमारतीवर उंच धुराड्यांसारखे झरोके उभे केले. गरम हवा त्यांतून आपोआप बाहेर पडते आणि खालून ताजी हवा आत येते. दुरून पाहिले, तर हे झरोके एखाद्या किल्ल्याच्या बुरुजांसारखे दिसतात. पण ते शोभेसाठी नाहीत. प्रत्येकाला काम आहे. काम चोख केल्यामुळेच ते देखणे झाले आहेत.

कानविंद्यांनी पुढेही खूप बांधले. मुंबईला वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र तुमच्यापैकी कोणी सहलीत पाहिले असेल, तर त्यांचे काम तुम्ही पाहिलेच आहे. दिल्लीचे राष्ट्रीय विज्ञान केंद्रही त्यांचेच. उतारवयात त्यांनी दिल्लीत इस्कॉनच्या मंदिराची आखणी केली. ते १९९८ साली खुले झाले. तेव्हा ते ऐंशी वर्षांच्या पुढे होते. प्रयोगशाळेपासून सुरुवात केलेल्या माणसाने शेवटी प्रार्थनेची जागा बांधली. त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला आणि १९८५ साली भारतीय वास्तुशिल्पी संस्थेचे बाबूराव म्हात्रे सुवर्णपदकही मिळाले.

त्यांच्या सगळ्याच इमारती सगळ्यांना आवडल्या, असे मात्र समजू नका. उघड्या काँक्रीटवर पावसाने काळे ओघळ येतात. काहींना अशा इमारती रुक्ष आणि कठोर वाटतात. ही टीका अगदीच खोटी नाही. पण एखादी इमारत आवडली नाही, तर तिच्याकडे पाठ फिरवण्याआधी दुपारी तिच्या आत उभे राहून पाहावे. वारा येतो का? दिवा न लावता वाचता येते का? चालताना डोक्यावर सावली आहे का? इमारतीची खरी परीक्षा तिथे होते.

२८ डिसेंबर २००२ रोजी अच्युत कानविंदे यांचे निधन झाले. ते ८६ वर्षांचे होते.

मित्रांनो, आता उम्र या शब्दाकडे परत येऊ. माणसाला उम्र असते, तशी इमारतीलाही असते आणि बहुधा ती माणसापेक्षा जास्त असते. चित्रकाराचे चित्र बिघडले, तर तो कागद फाडून टाकतो. मेमाराची चूक मात्र पन्नास-शंभर वर्षे उभी राहते आणि ती चूक ज्यांनी केली नाही, त्यांना सोसावी लागते. पश्चिमेला चुकीची खिडकी ठेवणारा निघून जातो. त्या खोलीत रोज बसणारी मुले घामाघूम होत राहतात. त्याचप्रमाणे त्याने केलेली चांगली गोष्टही मागे राहते. कानपूरच्या त्या सावलीच्या वाटांवरून आजही हजारो विद्यार्थी चालतात. त्यांतल्या बहुतेकांना कानविंदे हे नाव माहीत नसेल. तरी सावली मिळतेच.

तुमच्यापैकी कोणी गवंड्याचा मुलगा असेल, कोणी सुताराची मुलगी असेल. कोणी पुढे अभियंता होईल, कोणी वास्तुशिल्पी होईल. आणि काही झाले नाही, तरी प्रत्येकाला कधी ना कधी एखादी खोली, एखादी भिंत, एखादी पडवी बांधावीच लागेल. तेव्हा शेजारच्या बंगल्याचा फोटो गवंड्याच्या हाती देण्याआधी अंगणात उभे राहा. ऊन कुठून येते ते पाहा, वारा कुठून येतो ते पाहा. आणि त्या घरात दुपारी कोण बसणार आहे, हेही स्वतःला विचारा. घरात दुपारी बहुधा आई असते, म्हातारी माणसे असतात आणि लहान मुले असतात. त्यांच्या वाट्याला सावली यावी, एवढी काळजी घेतलीत, तर हा पाठ तुम्ही वाचल्याचे सार्थक होईल.

शब्दार्थ
वास्तुशिल्पी – इमारतीची आखणी करणारा, मेमार
जांभा – कोकणात मिळणारा तांबडा दगड
पडवी – घराला लागून असलेली छपराखालची मोकळी जागा
धुरा – जबाबदारी
परिसंवाद – एका विषयावरील जाहीर चर्चा
तोडे – छज्जाला आधार देणारे दगडी टेकू
तुळई – खांबांवर आडवी टाकलेली, भार पेलणारी पट्टी
गिलावा – भिंतीवर दिलेला चुन्याचा किंवा सिमेंटचा लेप
झरोका – हवा व उजेड येण्या-जाण्याची वाट

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अच्युत कानविंदे यांचा जन्म कोणत्या गावी झाला?
(आ) हार्वर्ड विद्यापीठात त्यांचे गुरू कोण होते?
(इ) कानपूरच्या संस्थेचे पहिले संचालक कोण होते?
२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्रयोगशाळेत भार भिंतींऐवजी खांबांवर का घ्यावा लागतो?
(आ) मेहसाण्याच्या डेअरीतील गरम हवा बाहेर कशी पडते?
(इ) कानपूरच्या दोन मजली वाटांचे कोणते फायदे झाले?
३. 'जुन्याची नक्कल नको आणि परक्याचीही नको' हा विचार पाठाच्या आधारे आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.
४. पुढील शब्द उर्दूत आणि मराठीत कसे वापरतात ते सांगून प्रत्येकाचे एक वाक्य मराठीत करा : इमारत, नकाशा, हवेली, मजूर.
५. उपक्रम : तुमच्या घराचा साधा नकाशा काढा. त्यात चार दिशा दाखवा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ऊन कुठे पडते, ते रंगाने दाखवा.